सही करण्याआधी विचारा

आमच्या गटातली एक ताई सोयाबीनचे पैसे घेऊन बँकेत ठेव ठेवायला गेली. दाखवतील तिथे सह्या करून आली. वर्षाने फोन आला, "दुसरा हप्ता भरा." तेव्हा कळलं, ती आयुर्विम्याची पॉलिसी होती. लेकीच्या फीचे पैसे अडकले.

तेव्हापासून आम्ही बैठकीत सांगतो, सहीआधी विचारा: ही ठेव की विमा? हप्ता किती वर्षं? मधेच थांबवला तर हातात काय येईल? विम्याशिवाय कर्ज नाही, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. एजंटाने फॉर्म भरला तरी तो वाचून घ्या. बीपी, साखर लपवू नका, पुढे दावा नाकारतात.

पॉलिसी मिळाली की तारीख लिहून ठेवा. आयुर्विमा असो की आरोग्य विमा, वर्षाची किंवा जास्त मुदतीची पॉलिसी नको असेल तर ३० दिवसांत परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम कापून बाकी पैसे मिळतात.

फसवणूक झाली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे. फी नाही, वकील नको. विमा नियामक आयआरडीएआयचा मोफत क्रमांक आहे १५५२५५.

ताईचे ३० दिवस उलटून गेले होते, म्हणून तिची तक्रार आम्ही मिळून लिहिली. तुमचीही पॉलिसी पुढच्या बैठकीला आणा, एकत्र बसून वाचू.