घरचा खाऊ, चार वाजताचा डबा आणि काही गैरसमज

सकाळी साडेसातला भरलेला खाऊचा डबा सिल्क बोर्ड चौकाच्या वाहतूककोंडीतून, शाळेतून, पाळणाघरातून फिरून संध्याकाळी चारला उघडतो. बेंगळुरूतल्या मराठी घरांत तो भरताना धीर देणारं वाक्य एकच: 'घरचं आहे ना, मग चांगलंच.' पण चकली घरी तळली काय नि दुकानात तळली काय, ती तळलेलीच. उलट घरी दिवाळीच्या तळणीचं तेल गाळून पुढे कित्येक दिवस वापरलं जातं. हॉटेलांना निदान नियम तरी आहे. तापून तापून तेलात ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते टाकून द्यायचं, असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) 1 जुलै 2018 पासून बंधनकारक केलंय. घरात कोण मोजतंय?

'इथली हवा थंड, अन्न खराब होत नाही.' मुंबईहून आलेल्यांचा हा लाडका समज. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवर आहे, हे खरं. पण आपल्याला गार वाटणारी 25 अंशांची हवा जंतूंना छान मानवते. शिजवलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जंतू झपाट्याने वाढतात ते 5 ते 60 अंशांच्या दरम्यान. भातात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू असू शकतो. त्याचे बीजाणू शिजवूनही तगतात आणि उलट्या घडवणारं त्याचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे फोडणीचा भात, उसळ, ओल्या नारळाची चटणी हे दहाच्या सुट्टीतच संपायला हवं. इडली द्यायची तर इथल्यासारखी चटणीपुडी (कोरडी चटणी) आणि तूप लावून द्या, तीही दहालाच.

चारसाठी कोरडंच हवं. कुरमुरे हलके म्हणून पौष्टिक, असं धरू नका. त्यांत मुख्यतः पिष्टच. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, डाळ्यांतही भरपूर, म्हणून हे दोन्ही सढळ हाताने घाला. पातळ पोह्यांचा चिवडा 'वेळ नाही' म्हणणाऱ्यांनाही रविवारी अर्ध्या तासात जमतो. पोहे कोरड्या कढईत मंद आचेवर, चिमटीत चुरा होईपर्यंत भाजायचे. दोन-तीन चमचे तेलात आधी दाणे, मग डाळे, शेवटी कढीपत्ता. तो चुरचुरीत झाला पाहिजे, नाहीतर त्याच्या ओलाव्याने अख्खा चिवडा मऊ पडतो. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याला झाकण नको.

नाचणी, म्हणजे इथली रागी, तर इथे घरोघरी. 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम. तांदूळ त्याबाबत तिच्या पासंगालाही पुरत नाही. पण 'रागी बिस्किट' म्हणजे रागीच, असं नाही. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मैदा पहिला असेल तर ते मैद्याचं बिस्किट. आपण मराठी लोक नाचणीचं सत्त्व गाळून काढतो, तेव्हा सालाबरोबर तंतू आणि कॅल्शियमचा मोठा वाटाही चोथ्यात जातो. त्यापेक्षा इथलं हुरिहिट्टु, म्हणजे नाचणीच्या लाह्यांचं पीठ, जास्त सोयीचं: शिजवायची गरज नाही, दुधात कालवलं की झालं.

त्यात गूळ घातला तर? 'गूळ चालतो, साखर नको' हे आपण स्वतःला दिलेलं बरं वाटणारं कारण. गुळात बहुतांश सुक्रोजच, उष्मांकही जवळपास साखरेइतकेच. लोह थोडं असतं, पण एका लाडवात ते कितीसं येणार!

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींबद्दल फार लिहायला नको. अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही, म्हणून एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या सदरातून काढायला सांगितलं.

एक मात्र जरूर पाळा. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या डब्यात अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे घालू नका, ते घशात अडकतात. त्याच्यासाठी दाण्याचं कूटच घाला.