नगराच्या विहिरी आणि त्यांचे पुनर्भरण-क्षेत्र

विहीर खणताना 'पाणी लागले' असे आपण म्हणतो. पाणी त्याच जागी आधीपासून स्वस्थ पडून होते, असा अर्थ या प्रयोगात गृहीत धरलेला असतो. पाणाड्यालाही आपण पाणी कोठे आहे, एवढेच विचारतो. ते कोठून येते, हे विचारीत नाही. एखाद्या घरच्या विहिरीपुरती ही समजूत फारशी बाधक ठरत नाही. परंतु ज्या नगराचा सगळा पाणीपुरवठा विहिरींवर अवलंबून आहे, त्यास ती महाग पडू शकते. 'पुनर्भरण' ही संज्ञा हा न विचारलेला प्रश्नच पुढे मांडते. अमेरिकेतील मेंफिस नगराच्या उदाहरणाने तिचा आशय येथे स्पष्ट करावयाचा आहे.

मेंफिस हे मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले आहे. तथापि ते त्या नदीचे पाणी पीत नाही. 1887 साली तेथे पहिली आर्टेशियन विहीर खोदण्यात आली व नगराने भूजलाचा आश्रय केला. आज शहराच्या निरनिराळ्या भागांत खोल विहिरींचे समूह आहेत. अशा समूहास विहीरक्षेत्र म्हणावे. या विहिरी बहुतांशी 'मेंफिस सँड' नावाच्या वाळूच्या जाड थरातून पाणी उपसतात. पाणी साठविणाऱ्या व वाहू देणाऱ्या अशा थरास जलधर म्हणतात.

शहराखाली या जलधरावर चिकणमातीचे आवरण आहे व त्यातून पावसाचे पाणी सहजी उतरत नाही. मग तो भरतो कोठे? पूर्वेकडे हा थर हळूहळू वर चढत जातो आणि फेएट परगण्याच्या परिसरात आवरणाविना भूपृष्ठाशी येतो. तेथे पडलेल्या पावसातून बाष्पीभवन, वनस्पतींचा वापर व वाहून जाणारे पाणी वजा जाता जे उरते, ते वाळूत मुरते आणि पश्चिमेकडे सरकू लागते. हेच मुख्य पुनर्भरण-क्षेत्र होय. ते नगराच्या सीमेबाहेर आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

या प्रवासाची गती फार मंद असते. दिवसाला एक ते दोन इंच ही गती धरल्यास एक मैल अंतर तोडण्यास सुमारे 90 ते 175 वर्षे लागतात. मग उपसा थांबताच विहिरीची पातळी लवकर वर येते, ती कशी? आवरणाखालील जलधरात पाणी दाबाखाली असते. दाबातील बदल त्वरेने पसरतो. पाणी मात्र आपल्याच चालीने येते. म्हणून पातळी सावरली, एवढ्यावरून व्यय भरून निघाला असा निष्कर्ष काढणे युक्त नव्हे.

उपशाचा दुसरा परिणाम अधिक चिंतेचा आहे. चिकणमातीचे आवरण सर्वत्र अखंड नाही. काही ठिकाणी त्यास खिंडारे आहेत. खालचा दाब कमी झाला की वरच्या उथळ थरातील पाणी त्यांतून खाली ओढले जाते. शीहन विहीरक्षेत्रातील काही विहिरींच्या पाण्यात ट्रिटियमचा अंश आढळला आहे. 1950 नंतरच्या अणुस्फोट-चाचण्यांमुळे पावसात त्याचे प्रमाण वाढले होते. तेव्हा या खोल पाण्यात अलीकडच्या पावसाचा वाटा आहे, हे उघड होते. पावसाला सापडलेली वाट शहरातील दूषित द्रव्यांनाही मोकळी असते. अर्थात पुनर्भरण-क्षेत्र केवळ निसर्गाने आखलेले नसते. आपला उपसाही नवे क्षेत्र निर्माण करतो, आणि तेही शहराच्या अगदी पायाखाली.

मालकीचा प्रश्नही यातूनच उद्भवतो. मेंफिसच्या विहिरी आपले भूजल ओढून नेतात, असा दावा शेजारच्या मिसिसिपी राज्याने केला होता. 22 नोव्हेंबर 2021 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. आंतरराज्य नद्यांना लागू असलेले न्याय्य वाटपाचे तत्त्व अशा जलधरांनाही लागू आहे, असा निर्णय त्याने दिला. पाण्याची गती अल्प असली तरी ते वाहते, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते.

सारांश, विहीर नगराच्या मालकीची असली तरी तिचे पाणी तसे असेलच, असे नाही. ते दूरच्या शेतांवर, मधल्या मातीवर आणि नगराच्या स्वतःच्या संयमावर अवलंबून असते. पाणी कोठे लागले, या प्रश्नाबरोबरच ते कोठून आणि कोणत्या वाटेने आले, हे विचारण्याची सवय आपल्या नगररचनेस आणि आपल्या भाषेसही लागावयास हवी.