गुरु-शनि युती : अर्थनिर्णयाचा प्रश्न

२१ डिसेंबर २०२० रोजी सायंकाळी गुरू आणि शनी हे दोन ग्रह आकाशात एकमेकांपासून अवघ्या सहा कलांवर, म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारे पंचमांश अंतरावर, दिसत होते. या दोहोंची गाठ साधारणतः वीस वर्षांनी पडते. यापूर्वीची युती २८ मे २००० रोजी झाली होती. गणिताच्या दृष्टीने एवढे सांगितले की विषय संपतो. जातकशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो येथून सुरू होतो. आणि ज्यांना भारतीय भाषांतील जुन्या वाङ्मयात ग्रहयोगांचे उल्लेख पदोपदी भेटतात, त्या अभ्यासकांचीही अडचण येथेच सुरू होते. युती हे एखादे शुभ वा अशुभ चिन्ह असून तिचा अर्थ कोशात पाहावा तसा ठरलेला असतो, अशी समजूत भाषांतरांतून सर्रास आढळते. मूळ ग्रंथांना ती मान्य नाही.

प्रथम संज्ञांचा विचार केला पाहिजे. सूर्यसिद्धान्ताच्या ग्रहयुत्यधिकारात ग्रहांच्या भेटीचे प्रकार वेगळे केले आहेत. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी या पंचताराग्रहांची परस्परांशी गाठ पडली तर ती युद्ध किंवा समागम. चंद्राशी पडली तर समागम. सूर्याशी पडली तर अस्त. युद्धाचेही बिंबांचा स्पर्श, भेद, किरणांची मिसळ आणि अंतर यांवरून पोटभेद आहेत. वराहमिहिराने बृहत्संहितेत ग्रहयुद्धाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. २००० साली दोन्ही ग्रहांत एका अंशाहून अधिक अंतर होते, शिवाय सूर्याच्या सान्निध्यामुळे ती भेट दिसणेही कठीण होते. २०२० सालची भेट मात्र युद्धाच्या मर्यादेत येते. मग विजयी कोण? उत्तरेस असलेला ग्रह जिंकतो म्हणावे, तर शनी उत्तरेस होता. तेजस्वी व स्थूल दिसणारा जिंकतो म्हणावे, तर तो गुरू. दक्षिणेस असूनही बलवान ग्रह विजयी होऊ शकतो, अशी सोय सूर्यसिद्धान्ताने ठेवली आहे. परंतु तिच्यामुळे निर्णयाचा भार पुन्हा वाचकावरच येऊन पडतो.

जातकग्रंथांत हा भार अधिकच वाढतो. चित्रापक्षीय अयनांशाने २०२० सालची युती मकर राशीच्या सुमारे सहाव्या अंशावर झाली. मकर हे शनीचे स्वगृह, तर गुरूची नीच राशी. तिचा पाचवा अंश हा गुरूचा परमनीचांश. यजमान बलवान आणि पाहुणा हीनबल, अशी ही भेट होती. मंत्रेश्वराच्या फलदीपिकेत नीचभंगाचे नियम आहेत. नीच राशीचा स्वामी, किंवा त्या ग्रहाच्या उच्च राशीचा स्वामी, लग्नापासून अथवा चंद्रापासून केंद्रात असेल तर नीचत्वाचा दोष जातो. नीच राशीचा स्वामी शनी येथे गुरूच्या शेजारीच होता, तेव्हा भंग आपोआप झाला असे वाटते. पण चंद्र त्या दिवशी कुंभेतून मीनेत गेला, आणि या दोन्ही राशींपासून मकर केंद्रात येत नाही. गुरूच्या उच्च राशीचा, कर्केचा, स्वामी तो चंद्रच. म्हणून तोही लग्नाकडूनच पाहावा लागतो. अर्थात युतीच्या अर्थाची किल्ली युतीत नाही, ती लग्नात आहे.

हे लग्न साधारण दोन तासांनी बदलते. त्या दिवशी दुपारी मेष लग्नावर जन्मलेल्या बालकाच्या कुंडलीत गुरू भाग्येश व शनी कर्मेश होऊन दोघे दशमात बसतात. नवमेश आणि दशमेश यांचा संबंध म्हणजे राजयोग, हा सामान्य नियम कोणीही सांगेल. परंतु लघुपाराशरीने नेमक्या याच जोडीसाठी मेष लग्नापुरता अपवाद केला आहे : केवळ योग झाल्याने शनी व गुरू शुभ फळ देत नाहीत. कारण गुरू व्ययेशही आहे आणि शनी लाभेशही. या वाक्यातील ‘केवळ’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. त्याने योग नाकारला जात नाही. त्याची स्वयंपूर्णता नाकारली जाते. पुढे वृषभ लग्न आले की तीच जोडी नवमात जाते, शनी एकटाच नवम-दशमाचा स्वामी होऊन योगकारक ठरतो, आणि गुरू अष्टमेश होऊन त्याला उपद्रवकारक होतो. आकाशात तेवढ्या अवधीत काहीच बदललेले नसते.

या सगळ्याला ‘वैदिक’ म्हणण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. वेदांगज्योतिषाला राशींची ओळखही नाही, हे येथे नोंदवलेले बरे. तसेच या फलादेशांना विज्ञानाचा आधार नाही, हेही स्पष्टच आहे. २०२० सालच्या महामारीची संगती या युतीशी लावणाऱ्यांनी शास्त्राचे नव्हे तर शकुनाचे काम केले. पण फळ खरे ठरते की नाही हा प्रश्न वेगळा आणि ग्रंथकाराला काय म्हणायचे आहे हा वेगळा. योग, युती, समागम आणि युद्ध या चारही शब्दांसाठी भाषांतरात एकच शब्द वापरला, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायमचे हरवते.

मराठी पंचांगांत या वाचनाला आणखी एक पाठभेद आहे. केतकरांनी पुरस्कारलेला चित्रापक्ष आणि टिळक पंचांगाने स्वीकारलेला रैवतपक्ष यांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. २००० सालची युती चित्रापक्षाने मेषेच्या अखेरच्या अंशांत, म्हणजे शनीच्या नीच राशीत, झाली. रैवतपक्षाने तीच वृषभेच्या तिसऱ्या अंशात गेली. तेथे शनी नीच नाही, उलट मित्र शुक्राच्या घरी आहे. आणि संकोचून बसावयाचे ते गुरूने, कारण शुक्र त्याचा शत्रू. त्या दिवशी जन्मलेल्या एकाच व्यक्तीच्या दोन पत्रिका पुण्यात सहज मिळू शकतात. २०२० साली दोन्ही पक्षांनी युती मकरेतच धरली. मतभेद उरला तो गुरू परमनीचांशापासून एक अंश पुढे गेला होता की पाच, एवढाच.