चित्राचें कोंदण : शुभेच्छापत्रांतील रंगांची निवड

संक्रांतीला चार दिवस उरले आहेत, आणि घरांतील एक मुलगी दूर गेलेल्या भावासाठीं शुभेच्छापत्र करीत बसली आहे, अशी कल्पना करावी. पिवळट कागदाच्या तुकड्यावर तिनें झेंडूचीं तीन फुलें काढलीं आहेत, आणि दोन संध्याकाळीं खपून पाकळ्यांना जलरंगाचे हात दिले आहेत. आतां उरलेलें काम तिला सोपें वाटतें. चित्रामागें एक रंगीत कागद लावावयाचा आणि तें सगळें पत्राच्या पुठ्ठ्यावर डकवावयाचें. आणलेल्या कागदांपैकीं सर्वांत झगझगीत असा तांबडा ताव ती निवडते, चित्र त्यावर चिकटविते, पत्र हातभर दूर धरून पाहते, आणि हिरमुसते. फुलांचें तेज गेलेलें असतें. नारिंगी पाकळ्या फिकट वाटूं लागतात, पिवळट कागदावर मळकट हिरवी छटा आल्यासारखी दिसते, आणि नजर फुलांवर ठरण्याऐवजीं पुनःपुन्हा त्या तांबड्या पट्टीकडे ओढली जाते. रंग तेच, फुलें तींच. मग बिघडलें काय?

हा प्रश्न एका मुलीचा नव्हे. हातानें शुभेच्छापत्रें करणाऱ्या प्रत्येकास तो केव्हां ना केव्हां भेटतो. चित्र काढण्यावर सर्व मेहनत खर्ची पडते, आणि त्यामागील कागद मात्र ‘हा रंग छान आहे’ एवढ्याच विचारानें घेतला जातो. वस्तुतः चित्र प्रथमदर्शनीं कसें दिसेल हें त्या कागदावर पुष्कळसें अवलंबून असतें.

चित्राहून किंचित मोठा कापून त्याच्या मागें लावलेल्या ह्या कागदास चौकटी करणारे कारागीर ‘माउंट’ म्हणतात. मराठींत त्यास कोंदण म्हणणें शोभेल. रत्नाच्या खालीं सोनार पातळ चकाकता पत्रा घालतो, त्यास डांक म्हणतात. खडा तोच, परंतु डांक बदलला कीं त्याचें पाणी बदललेलें दिसतें. शुभेच्छापत्रांतील कोंदणाचें कामहि तेंच आहे. तें स्वतः दिसण्यासाठीं नसतें. आपल्या शेजाऱ्यास दिसूं देण्यासाठीं असतें. शुभेच्छापत्रांत चौकटीचा उपयोग प्रारंभापासून होत आला आहे. १८४३ सालीं लंडनमध्यें हेन्री कोल यांनीं चित्रकार जॉन कॅल्कॉट हॉर्स्ली यांजकडून नाताळचें पत्र काढवून घेतलें. तें छापल्यावर त्यांत रंग हातानें भरले होते, आणि त्यावरील चित्राचे तीन भाग वेलींच्या चौकटीनें वेगळे केलेले होते.

एका रंगाच्या शेजारीं दुसरा रंग ठेवला असतां काय होतें, ह्याचा पद्धतशीर शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रल यांनीं केला. पॅरिस येथील गोब्लँ ह्या प्रसिद्ध चित्रपटांच्या विणकामशाळेंत १८२४ सालीं त्यांची रंगखात्याचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. तेथें एक तक्रार होती, ती काळ्या लोकरीविषयीं. निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या दाखविण्यासाठीं वापरलेला काळा रंग निस्तेज दिसतो, तेव्हां रंगाऱ्यांचें कांहीं चुकत असावें, असें विणकर म्हणत. शेव्रल यांनीं ती लोकर इतर कारखान्यांच्या काळ्या लोकरीशीं ताडून पाहिली. लोकरींत दोष नव्हता. दोष शेजाराचा होता. निळ्या-जांभळ्यांत बसविलेला काळा रंग डोळ्यांनाच फिका भासत होता. ह्या विषयावरील त्यांचा मोठा ग्रंथ १८३९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांत चित्रांच्या चौकटींच्या रंगांचाहि विचार त्यांनीं केला आहे.

त्यांच्या सिद्धांताचा सारांश असा कीं, शेजारीं ठेवलेले दोन रंग एकमेकांतील भेद वाढवून दाखवितात. फिकट रंगाशेजारीं गडद रंग अधिकच गडद दिसतो. आणि प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरुद्ध रंगाची छटा टाकतो. तांबड्याच्या विरुद्ध निळसर हिरवा, पिवळ्याच्या विरुद्ध निळसर जांभळा, नारिंगीच्या विरुद्ध निळा, असा हा स्थूल हिशेब आहे. तांबड्या कागदाच्या लहान चौकोनाकडे अर्धा मिनिट टक लावून मग पांढऱ्या भिंतीकडे पाहिलें, तर भिंतीवर निळसर हिरवा डाग तरंगतांना दिसतो. झेंडूच्या पत्रांत झालें तें ह्याच कारणानें. भोंवतालच्या तांबड्यानें पिवळट कागदास हिरवट छटा दिली आणि नारिंगींतला लालपणा हिरावून घेतला.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं रंगीत कागदाचे तुकडे असतील त्यांनीं एक प्रयोग अवश्य करावा. राखी रंगाच्या एकाच कागदांतून सारखे दोन लहान चौकोन कापावे. एक तांबड्या कागदावर ठेवावा, दुसरा हिरव्यावर. पहिल्यास हिरवट आणि दुसऱ्यास लालसर झांक आलेली दिसेल. मग एक काळ्यावर व एक पांढऱ्यावर ठेवावा. काळ्यावरचा उजळ आणि पांढऱ्यावरचा गडद वाटेल. जोझेफ आल्बर्स ह्या चित्रकार-शिक्षकानें अशाच साध्या कागदी तुकड्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांना रंगांचें शिक्षण दिलें, आणि १८३९ च्या त्या ग्रंथानंतर सव्वाशें वर्षांनीं, १९६३ सालीं, ह्याच विषयावर आपलें प्रसिद्ध पुस्तक काढलें. दुकानांत ताव पाहून केलेली निवड घरीं येऊन फसते ती कां, हें ह्या प्रयोगानें समजतें. एकटा रंग पाहून त्याच्या वागणुकीचा अंदाज करतां येत नाहीं.

तेव्हां निवड करावी कशी? पहिला विचार रंगाचा नव्हे, तर उजेड-अंधाराचा. चित्र एकंदरींत फिकट आहे कीं गडद, हें डोळे किलकिले करून पाहावें. असें पाहिलें म्हणजे बारकावे पुसट होतात आणि केवळ गडद-फिकट भाग उरतात. चित्राची कड व कोंदण ह्या वेळीं एकमेकांत मिसळून गेलीं, तर त्या कोंदणाचा उपयोग नाहीं. मग रंग कितीहि निराळा असो. फिकट भूमीच्या चित्रास मध्यम अगर गडद कोंदण आणि गडद चित्रास फिकट कोंदण, हा सामान्य मार्ग होय. मात्र नाजूक, पुसट रंगांच्या चित्राभोंवतीं एकदम काळा कागद लावला तर तें चित्र पाण्यांत धुतल्यासारखें दिसतें. तेथें एकदोन पायऱ्यांचाच फरक ठेवावा.

दुसरा विचार रंगाच्या जातीचा. पुष्कळांची समजूत अशी कीं, चित्रांत जो रंग सर्वांत अधिक तोच मागें लावला म्हणजे मेळ जमतो. परंतु तसें केल्यानें तो रंग इतका वाढतो कीं, चित्रांतील त्याचें वैशिष्ट्यच नाहींसें होतें. त्यापेक्षां चित्रांत थोड्या प्रमाणांत आलेला रंग शोधावा. झेंडूच्या देंठाचा गर्द हिरवा, पक्ष्याच्या चोंचीचा तपकिरी, आकाशाच्या कडेचा राखी-निळा, ह्यांपैकीं एखादा रंग कोंदणांत आला, तर चित्र व कोंदण एका कुळांतलीं वाटतात, आणि मुख्य रंगाचा मानहि राखला जातो. पैठणींत अंगाचा रंग एक आणि काठपदराचा दुसरा असतो. तरी पदराच्या नक्षींत दोहोंचे धागे भेटतात, म्हणून तें वस्त्र एकजीव वाटतें. तीच रीत येथें उपयोगीं पडते.

तिसरा विचार रंगाच्या तीव्रतेचा. कोंदणाचा रंग चित्रांतील मुख्य रंगापेक्षां मंद असावा. झेंडूस हिरवें कोंदण द्यावयाचें तर तें पोपटी नको. जुन्या पानाचें, थोडें काळपट हिरवें हवें. कोणताच रंग जुळेना, तर दुधट, राखी अगर मातकट रंगाकडे वळावें. जुन्नरी व दौलताबादी कागदाची महाराष्ट्रांत एके काळीं ख्याति होती, आणि पुण्यास १९४० सालीं हातकागदाची संस्था निघाली. हातकागदाचा जो मूळचा दुधट वर्ण असतो तो बहुतेक चित्रांना मानवतो, आणि त्याच्या खडबडीत कडा मुद्दाम न कापतां ठेवल्या तर त्या वेगळ्या नक्षीची गरज उरूं देत नाहींत.

कधीं कधीं आवडता भडक रंग सोडवत नाहीं. अशा वेळीं चित्र आणि तो रंग ह्यांच्यामध्यें एक बारीक पांढरी, दुधट किंवा सोनेरी रेघ ठेवावी. मोगल बादशहांच्या चित्रसंग्रहांत हीच युक्ति दिसते. जहांगीर व शहाजहान यांच्या संग्रहांतील चित्रें फुलापानांनीं भरलेल्या रुंद हाशियांत बसविलीं आहेत. परंतु चित्र व हाशिया यांच्यामध्यें सोनेरी आणि रंगीत बारीक रेघा ओढलेल्या असतात. त्या रेघांमुळें दोन्ही बाजूंचे रंग एकमेकांस भिडत नाहींत, आणि एवढी नक्षी भोंवतीं असूनहि चित्र आपल्या जागीं शांत राहतें.

रुंदीचाहि प्रश्न आहे. सुताराच्या मापांतील एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, हें कोंदणाच्या दिसणाऱ्या कडेचें चांगलें माप आहे. पत्र ४ इंच रुंद व ६ इंच उंच असेल, तर कोंदण पावणेचार व पावणेसहा इंचांचें कापावें, आणि चित्र साडेतीन व साडेपांच इंचांचें. म्हणजे चारी बाजूंस एक एक सूत कड सारखी राहते. रंग जितका भडक तितकी ही कड अरुंद करावी. रंग शांत असेल तर ती दोन-तीन सुतांपर्यंत रुंद केली तरी चालते. तो तांबडा ताव अर्ध्या सुताच्या रेघेपुरताच दिसता, तर झेंडूला कदाचित् शोभलाहि असता.

रंगांना डोळ्यांपुरताच अर्थ नसतो. त्यांना घरोघरचा अर्थहि असतो. विवाहाच्या निमंत्रणपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात, म्हणून पिवळ्या कोंदणास कुंकवाच्या रंगाची रेघ दिली कीं मंगलकार्याची आठवण न सांगतां होते. काळ्या रंगाची गोष्ट अधिक नाजूक आहे. एरव्हीं शुभप्रसंगीं टाळला जाणारा हा रंग संक्रांतीस मानाचा ठरतो. त्या दिवशीं काळी चंद्रकळा नेसण्याची चाल आहे, आणि नव्या सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने घालतात तेहि काळ्या वस्त्रावरच. पांढराशुभ्र कांटेरी हलवा काळ्यावर जसा उठतो तसा दुसऱ्या कशावरहि उठत नाहीं. म्हणून तिळगुळाच्या पत्रावर हलव्याचें चित्र असेल, तर काळें कोंदण दृष्टीस आणि प्रसंगास दोहोंस साजतें.

परंतु तेंच पत्र परमुलखांत, ही चाल ठाऊक नसलेल्या घरीं जावयाचें असेल, तर थांबून विचार करावा. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत दुखवट्याच्या पत्रांना व लखोट्यांना काळी किनार असे, आणि दुखवट्याचा काळ सरत जाई तशी ती अरुंद होत जाई. ज्याच्या मनांत काळ्या किनारीशीं मृत्यूचीच सांगड आहे, त्याच्या हातीं सणाचें पत्र पडावें आणि उघडण्यापूर्वींच त्याच्या काळजांत धस्स व्हावें, हें कोणासच आवडणार नाहीं. तेथें गर्द जांभळें किंवा गडद निळें कोंदण घ्यावें. हलवा त्यावरहि चांगला उठतो, आणि पत्राचा गैरअर्थ होत नाहीं.

शेवटीं कागदाची परीक्षा. शुभेच्छापत्र पेटींत जपून ठेवलें जातें, आणि वर्षांनीं पुन्हा काढून पाहिलें जातें. पतंगाच्या कागदासारखे स्वस्त रंगीत कागद उन्हांत विटतात आणि खळीच्या ओलाव्यानें त्यांचा रंग फुटून चित्रावर चढतो. ओल्या पांढऱ्या फडक्यानें कागदाचा कोपरा हलकेच पुसावा. फडक्यास रंग लागला तर तो कागद चित्राशेजारीं नेऊं नये. वर्तमानपत्राच्या जातीचा कागद लाकडाच्या लगद्यांतील द्रव्यामुळें लवकर पिवळा व ठिसूळ होतो, म्हणून तोहि टाळावा. आणि निवड दिवसाच्या उजेडांत, खिडकीपाशीं करावी. पिवळसर दिव्याखालीं गडद निळा रंग काळा दिसतो आणि दुधट व पांढरा ह्यांतील भेद ओळखूं येत नाहीं.

एवढ्या सगळ्या विचाराचें सार एका संवयींत सामावतें : आधीं ठेवून पाहावें, मग चिकटवावें. चार रंगांचे तुकडे घेऊन चित्र त्यांवर एकामागून एक नुसतें ठेवावें, पत्र भिंतीशीं उभें करावें, चार पावलें मागें सरावें, आणि नजर प्रथम कोठें जाते तेवढेंच पाहावें. ज्या तुकड्यावर ती सरळ चित्रावर जाते, तो तुकडा निवडावा.

झेंडूच्या पत्राचेंहि अजून सर्व बिघडलेलें नाहीं. खळ पुरती वाळली नसेल तर चित्र हलक्या हातानें सोडवितां येतें. वाळली असेल तर तांबडी कड कात्रीनें चित्राच्या कडेबरोबर कापून टाकावी आणि मागें जुन्या पानाच्या रंगाचा हिरवा कागद एक सूत दिसेल असा लावावा. मग तो लखोटा चार दिवसांनीं भावाच्या हातीं पडेल, आणि तो उघडतांच त्याच्या डोळ्यांसमोर प्रथम येतील तीं बहिणीनें दोन संध्याकाळीं बसून काढलेलीं फुलेंच.