नायगारा न्यूयॉर्कच्या शेजारी नाही

अमरावती-अकोल्याकडची तरुण मंडळी आता एकेकटी अमेरिका फिरायला निघू लागली आहेत. कुणी पुण्याच्या नोकरीत पैसे साठवलेले, कुणाची बहीण न्यू जर्सीत, कुणाचा मावसभाऊ डॅलसला. त्यांनी आखलेले कार्यक्रम वाचायला घेतले की यादी देखणी असते, रस्ता मात्र त्यात कुठेच सापडत नाही. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, शिकागो, यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, लास वेगास, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को. रजा पंधरा दिवसांची. एवढ्या मोठ्या देशात मार्ग ठरवतात ते अंतर, महिना आणि हातात असलेले दिवस. प्रेक्षणीय स्थळांचा नंबर त्यानंतर लागतो. हा क्रम उलटा धरला की पुढचे सगळे गैरसमज आपसूक येतात.

पहिला नायगाराचा. ‘न्यूयॉर्कला उतरलो की दुसऱ्या दिवशी नायगारा करून संध्याकाळी परत.’ धबधबा न्यूयॉर्क राज्यात आहे हे खरं, पण राज्याच्या पार पश्चिम टोकाला, बफेलो शहराजवळ. न्यूयॉर्क शहरापासून रस्त्यानं सुमारे ६५० किलोमीटर. बडनेऱ्याहून मुंबई रेल्वेनं जवळपास तेवढीच पडते, आणि बडनेऱ्याहून सकाळी निघून मुंबई पाहून रात्री घरी जेवायला येईन असं कुणी म्हणत नाही. रेल्वेनं गेलात तर एका बाजूलाच नऊ तासांच्या वर लागतात. म्हणजे नायगाराला एक मुक्काम द्यायचा किंवा बफेलोपर्यंत विमान धरायचं. त्यातच दुसरी गोम अशी की धबधब्याचा समोरून दिसणारा देखावा कॅनडाच्या काठावरून आहे. पूल ओलांडला की देश बदलतो. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा पर्यटक व्हिसा असला तरी तिकडे जायला कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो. ‘पाच मिनिटं जाऊन फोटो काढून येतो’ ही सोय नाही.

लास वेगासच्या बाबतीतही तसंच. ‘ग्रँड कॅन्यन वेगासच्या बाजूलाच आहे.’ ज्या कड्यावरून ती प्रसिद्ध छायाचित्रं काढलेली असतात तो दक्षिण कडा वेगासहून सुमारे ४५० किलोमीटरवर आहे. एका दिवसाच्या स्वस्त सहली पुष्कळदा पश्चिम कड्यावर नेतात, जिथे काचेचा स्कायवॉक आहे. तो साधारण २०० किलोमीटरवर येतो, पण ती जागा हुआलापाई या आदिवासी समाजाची आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत ती येत नाही आणि उद्यानाचा पासही तिथे चालत नाही. पाहण्यासारखी जागा आहे, वाद नाही. तिकीट काढताना कोणता कडा ते मात्र नीट वाचावं.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आपल्याकडे एक नवाच आत्मविश्वास आला आहे. ‘नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर आपण आठ तासांत मारतो, तिकडचे रस्ते तर त्याहून भारी, दिवसाला हजार सहज होतील.’ गणित करून बघा. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस सुमारे ४,५०० किलोमीटर, म्हणजे साडेसहा समृद्धी एकापुढे एक. तिथल्या आंतरराज्य महामार्गांवरची वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ६५ ते ७५ मैल, म्हणजे १०५ ते १२० किलोमीटर. समृद्धीवरही आपल्याला १२० चीच मुभा आहे. तेव्हा वेगात फरक काही नाही. फरक आहे तो गाडीत दुसरा माणूस नसण्याचा. आपल्याकडे शेजारी बसलेला बोलत राहतो, मध्ये चहा होतो, डोळा लागायला लागला की चाक दुसऱ्याच्या हाती जातं. एकट्याला यातलं काहीच नाही. सरळ रस्ता, एकसारखा आवाज, आणि सवय नसलेली उजवी बाजू. माझ्या मते एकट्यानं दिवसाला ४०० किलोमीटरच्या वर आखूच नये, आणि मुंबईहून पंधरा-सोळा तासांचं विमान करून उतरलेल्या दिवशी तर गाडीच ताब्यात घेऊ नये. पूर्व किनाऱ्यावर घड्याळ साडेनऊ-साडेदहा तासांनी उलटं फिरलेलं असतं. आपल्याला दुपारी तीनला मध्यरात्रीची झोप येते.

गाडीवरून लायसन्सचा गोंधळ आठवला. ‘आपलं लायसन्स चालत नाही, इंटरनॅशनल काढलं की मूळचं घरी ठेवलं तरी चालतं.’ दोन्ही अर्धवट. आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना हा मूळ लायसन्सचा जोडीदार आहे, स्वतंत्र लायसन्स नव्हे. एक वर्ष चालतो, आणि मूळ कार्ड खिशात नसेल तर तो निव्वळ कागद. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीचे आणखी वेगळे. म्हणून दोन्ही बरोबर ठेवावेत. चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, बाबांचं चालत नाही. वय पंचविशीच्या आत असेल तर बहुतेक कंपन्या रोजचा जादा आकार लावतात. एका शहरात घेतलेली गाडी दुसऱ्या शहरात सोडली तर त्याचे पैसे वेगळे, आणि ते कधी कधी भाड्याइतके होतात. पेट्रोल पंपावर कार्ड घातलं की मशीन तिथला पाच आकडी पिनकोड मागतं. आपला सहा आकडी त्यात बसत नाही; आत काउंटरवर जाऊन आधी पैसे भरायचे, मग नळी उचलायची. लहान गोष्ट आहे, पण रात्री अकराला ओसाड पंपावर ती लहान वाटत नाही.

मग गाडी नको, रेल्वेनंच जाऊ, असं म्हणणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो अमेरिकेत रेल्वे नाहीच, दुसऱ्याला वाटतं ती अकोला जंक्शनसारखी दर तासाला सुटत असेल. ॲमट्रॅकची कॅलिफोर्निया झेफिर शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोच्या अलीकडच्या एमरीव्हिलपर्यंत ३,९२४ किलोमीटर जाते, सुमारे ५२ तासांत, रॉकी पर्वत आणि सिएरा नेवाडा ओलांडून. एकट्यासाठी याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही: चालवायचं नाही, खिडकी मोठी, जेवणाच्या डब्यात अनोळखी माणसांशेजारी बसवतात, त्यामुळे गप्पाही होतात. पण ही गाडी दिवसाला एकच. आपल्याकडे विदर्भ एक्स्प्रेस चुकली तर मागून काहीतरी येतंच. तिकडे चुकली की उद्या याच वेळेला. न्यू ऑर्लिन्स ते लॉस एंजेलिस जाणारी सनसेट लिमिटेड तर आठवड्यातून तीनच दिवस. बऱ्याचशा लांब मार्गांवरचे रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांच्या मालकीचे आहेत, त्यामुळे दोन-चार तासांचा उशीर घडतो. झेफिरनं उतरून त्याच संध्याकाळचं विमान पकडायचं आखू नये. आणि लास वेगासला प्रवासी रेल्वे १९९७ पासून जातच नाही.

आता उन्हाचं. ‘राजेहो, आमाले काय ऊन सांगता! मे महिन्यात अकोल्यात राहून पाहा.’ हा अभिमान रास्तच आहे, पण डेथ व्हॅलीत त्याचा उपयोग नाही. १० जुलै १९१३ ला तिथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं; जगातला अधिकृत उच्चांक आजही तोच. अकोल्यात पारा ४६ ला गेला तर आपण दुपारी बाहेर पडत नाही, डोक्याला दुपट्टा बांधतो, आणि चौकात पाणपोई असते. डेथ व्हॅलीत मैलोन् मैल सावली नाही, माणूस नाही, बऱ्याच भागात फोनला रेंज नाही. उन्हाळ्यात सखल भागात सकाळी दहानंतर पायी फिरू नका असं उद्यानाचे लोकच सांगतात. वऱ्हाडी माणूस उन्हात टिकतो तो उन्हाची रीत पाळतो म्हणून, आणि ती रीत इथे सोडून जायचं कारण नाही.

उलट्या टोकाला यलोस्टोन. दिवाळीच्या सुटीत जाऊ म्हणाल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथले बहुतेक रस्ते मोटारींसाठी बंद होतात ते एप्रिलच्या उत्तरार्धात उघडायला लागतात. योसेमिटीतून पूर्वेला जाणारा टायोगा रस्ता साधारण नोव्हेंबर ते मे बर्फाखाली असतो. फोनवरचा नकाशा जूनमध्ये हा रस्ता दाखवतो म्हणून जानेवारीतला कार्यक्रम त्यावर उभा केला तर पर्वताला वळसा पडून अख्खा दिवस जातो. प्रत्येक उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्यांची आजची स्थिती दिलेली असते. ती बघायला दोन मिनिटं लागतात.

‘एकट्याचा खर्च कमीच.’ जेवणाचा कमी. खोली आणि गाडी एकट्याला तेवढीच पडते जेवढी तिघांना, आणि वाटून घ्यायला कुणी नसतं. १ जानेवारी २०२६ पासून उद्यानांचा हिशोबही बदलला आहे. ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी, झायन धरून अकरा उद्यानांत परदेशी पाहुण्यांना नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. वर्षभराचा पास परदेशी माणसाला २५० डॉलर. यातली तीन उद्यानं असतील तर पास स्वस्त पडतो, एकच असेल तर नाही. शाकाहारी माणूस उपाशी राहतो हा समज मात्र सोडून द्या. मेक्सिकन जेवणात राजमा, भात, पोळीचाच एक भाऊबंद मिळतो, आणि हमरस्त्यावरच्या मोटेलचा मालक पटेल निघण्याची शक्यता बरीच.

व्हिसाबद्दल थोडक्यात. ‘दहा वर्षांचा व्हिसा’ म्हणजे दहा वर्षं राहण्याची परवानगी नव्हे, त्या काळात दारापर्यंत जाण्याची मुभा. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि आय-९४ या नोंदीवर पडलेली तारीख हीच खरी मुदत. तेव्हा तिथे कुठे जाणार विचारलं तर नऊ ठिकाणांची यादी म्हणून दाखवण्यापेक्षा पहिला मुक्काम कुठे आणि परतीचं विमान कुठून हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. व्हिसा हाती येण्याआधी परत न मिळणारी तिकिटं काढू नका, असं त्यांचा परराष्ट्र विभागच सांगतो. गावाकडे मात्र ‘तिकीट दाखवलं की व्हिसा लवकर होते’ ही अफवा अजून जिवंत आहे.

परतीचं विमान जिथे उतरलो तिथूनच हवं, हाही असाच पक्का बसलेला समज. पूर्व किनाऱ्यावर उतरून पश्चिमेहून परतायचं बहुशहरी तिकीट मिळतं, आणि पुष्कळदा त्याचा भाव साध्या परतीच्या तिकिटाच्या आसपासच असतो. देश एकदाच आडवा ओलांडायचा, मागे फिरायचं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियात पाऊल ठेवलं, जवळजवळ तीन वर्षं त्या देशभर फिरल्या, व्याख्यानं दिली, बालवाड्या पाहिल्या, मदत करणारी मंडळी उभी केली, आणि १८८८ च्या अखेरीस निघाल्या त्या सॅन फ्रान्सिस्कोहून, जपानमार्गे. मुलगी मनोरमा सुरुवातीला सोबत होती, पुढे तिला इंग्लंडला परत पाठवलं. त्यानंतरचा प्रवास रमाबाईंचा एकटीचा. ‘बाईनं एकटीनं परदेशात फिरणं हे आजकालचं फॅड’ म्हणणाऱ्या काकांना त्यांचं १८८९ साली मराठीत छापलेलं अमेरिकेचं प्रवासवृत्त भेट द्यावं. रमाबाई मुक्कामाला बहुतेक ओळखीच्यांच्या ओळखीच्यांकडे असत. एकटीसाठी आजही ही उत्तम पद्धत: तीन रात्री हॉटेलात, मग एक रात्र कुणा वऱ्हाडी कुटुंबाकडे, जिथे कपडे धुता येतात आणि आपण कुठे आहोत हे निदान एका माणसाला ठाऊक असतं.

मग पंधरा दिवसांत काय करावं? दोन तुकडे. पूर्वेला न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि हौस असेल तर मुक्कामासह नायगारा. मधला देश विमानानं ओलांडून पश्चिमेला वेगास, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा, लॉस एंजेलिस. नाहीतर शिकागोहून झेफिर धरून सॅन फ्रान्सिस्को आणि नायगारावर सरळ काट. यलोस्टोन दोन्हीत बसत नाही, त्याला वेगळी रजा लागते. वाईट वाटतं, पण काट मारल्याशिवाय मार्ग तयार होत नाही. आणि ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्याच राज्यातल्या नवाहो प्रदेशात मात्र करतात. त्या भागातल्या सहलीची वेळ ‘कुणाच्या घड्याळानं’ ते आधी विचारून घ्यावं.

शेवटी घरापासून मुंबई. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं आणि ‘आता अमरावतीहून थेट अमेरिका’ असं लोक म्हणू लागले. विमान लहान, रोजचं नाही, आणि तिकीट वेगळं काढलेलं असेल तर ते उशिरा आल्यामुळे पुढचं चुकल्यास आंतरराष्ट्रीय कंपनी जबाबदार नसते. त्यात मोफत सामान १५ किलो. अमेरिकेच्या तिकिटावर मोठ्या दोन बॅगा चालत असल्या तरी इथे जादा वजनाचे पैसे पडतात. अकोल्याच्या शिवणीहून तर नियमित विमानच नाही. म्हणून रात्रीची रेल्वे आणि दादरला उतरणं हाच अजून भरवशाचा मार्ग. मुंबईहून अमेरिकेची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि तिकिटावर १२ तारीख, ०१:०० असं असेल तर विमानतळावर ११ च्या रात्री नऊला हजर व्हायचं असतं. अशा वेळी अकोल्याहून गाडी १० तारखेच्या रात्रीची लागते, ११ ची नाही.