पोकळ काचगोळ्यांची निवड

काचेचे पोकळ सूक्ष्मगोळे दिसतात मैद्यासारखे, पण चिमटीत घेतले की पाण्यासारखे निसटतात. प्रत्येक गोळा साधारण केसाच्या जाडीचा किंवा त्याहून बारीक, आत वायू आणि भोवती काचेचे पातळ कवच. राळ, रबर, पुट्टी किंवा प्लास्टिकमध्ये ते मिसळले की वस्तू हलकी होते आणि उष्णताही कमी वाहून नेते.

निवडताना घनता आणि दाब सोसण्याची ताकद एकत्रच पाहावी लागते. कवच पातळ तर गोळा हलका, पण नाजूक. ०.१२५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर घनतेचा गोळा जेमतेम १७ बार दाब सोसतो, ०.६० घनतेचे खास गोळे १,९०० बारपर्यंत टिकतात. हाताने लावायच्या पुट्टीला पहिला चालतो. जास्त दाबाच्या इंजेक्शन मोल्डिंगमध्ये त्याचा चुरा होतो. फुटलेला गोळा म्हणजे नुसती काच, घनता सुमारे २.५. वजन घटवायला घातलेला माल मग उलट वजन वाढवतो! म्हणूनच गोळे शेवटी घालून हलक्या हाताने ढवळतात.

प्रमाण वजनाने नव्हे, आकारमानाने ठरवावे, कारण ०.२ घनतेचे १० ग्रॅम गोळे ५० घनसेंटीमीटर जागा व्यापतात. नेमकी चूक इथेच होते.

कोळशाच्या राखेतून मिळणारे पोकळ गोळे, म्हणजे सेनोस्फिअर, स्वस्त पडतात, मात्र ते राखाडी आणि बहुधा जड असतात. खोल समुद्रात तर काचगोळ्यांना पर्याय दुर्मीळच: २०१२ मध्ये चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन ज्या पाणबुडीतून सुमारे ११ किलोमीटर खोल उतरले, तिला तरंगवणाऱ्या फोममध्ये हेच गोळे होते.