गच्चीवर शिजणारी माती

मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून हजारो कामगारांचं जेवण जायचं आणि मागे देठं, सालं, खरकटं उरायचं. 2002 साली तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी हा ओला कचरा स्वयंपाकघराच्याच गच्चीवर नेऊन बाग उभी केली. सुरुवातीला आधार होता डॉ. दोशी यांच्या शहरी शेतीच्या पद्धतीचा: उसाची चिपाडं, ओला कचरा आणि अगदी थोडी माती. पुढे कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांच्या शेतीविचारातून वाढलेली ‘अमृत माती’ मुंबईच्या गच्च्यांवर आली.

उपनगरातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर ती बनताना मी पाहिली. दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र आणि 50 ग्रॅम काळा गूळ. दिवसातून तीनदा बारा वेळा उजवीकडे, बारा वेळा डावीकडे ढवळायचं. चौथ्या दिवशी ते द्रावण दहापट पाण्यात मिसळून त्यात पालापाचोळा दिवसभर भिजवायचा आणि मातीचा हात देत थर रचायचे. गुळावर जिवाणू झपाट्याने वाढतात. सुक्या पानांतून त्यांना कार्बन मिळतो, ओल्या कचऱ्यातून नायट्रोजन. हवा कमी पडली की मात्र ढीग सडतो, म्हणून तो सारखा वरखाली करावा लागतो.

हे काम तिथल्या सफाईच्या मावशी करतात. ढिगात कोपरापर्यंत हात घालून त्या आधी ऊब पाहतात, मग मूठभर ऐवज घट्ट पिळतात. बोटांतून एखाददुसरा थेंब आला तर ठीक; धार लागली की घमेलंभर सुका पाला. त्यांच्या मुठीइतकं भरवशाचं मोजमाप मला त्या गच्चीवर दुसरं दिसलं नाही.

या खटपटीऐवजी बऱ्याच सोसायट्या चोवीस तासांत खत देणारं यंत्र घेतात. पण कचरा नुसता तापवून वाळवला आणि दळला, तर कुंडीत पाणी पडताच तो पुन्हा कुजू लागतो आणि मुळांना त्रास होतो. शिजलेल्या अन्नातलं मीठही खतात उतरतं.

गच्चीचं वजन ही त्याहून मोठी काळजी. फूटभर ओल्या मातीचा भार चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास जातो. वापरातल्या गच्चीसाठी आपल्या मानकांत साधारण 150 किलोच धरतात. पाल्याची माती हलकी, तरी पावसात भिजल्यावर तिचाही भरवसा धरू नये. वाफे उथळ हवेत, आणि त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला.

माणसांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. गणपतीला मावशी आठवडाभर गावी जातात, नेमक्या पावसात. ढीग तसाच राहतो, वास सुटतो, चिलटं होतात आणि कमिटीच्या बैठकीत बाग बंद करायचा विषय निघतो. मावशींच्या जोडीला आणखी एक माणूस पगारावर घ्या आणि त्यांच्याच हाताखाली तयार करा, असं मी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. यंत्राचं कोटेशन त्यांच्या टेबलावर आधीच आलं होतं.